काळ्या दोऱ्याची जुडी

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी पांढरीपांडे बाई आमची मागची खोली सोडून सायकलरिक्षाने निघून गेल्या. त्यांना सांगितलेलं कारण असं होतं, की बाबांच्या भावाचा मुलगा शिकायला नागपूरला येतो आहे आणि त्याला खोली लागणार आहे. बाबांना भाऊ नव्हता.

घर नंदनवनात होतं. आता त्या जागेवर तीन मजली इमारत आहे आणि मागच्या अंगणात फरशी घालून मोटारी उभ्या करतात. तेव्हा तिथे माती होती. पुढे आमच्या तीन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला भाड्याची एक खोली, तिच्या खिडकीसमोर नळ, आणि नळाच्या बाजूने ढोकेकाकूंच्या घराची कंबरेएवढी भिंत. अंगण आईचं होतं. त्यात सांभार, पालक, दोन वांग्याची झाडं, एक गोडनिंब आणि कुंपणाला आपोआप वाढलेली रायमुनिया. पुण्यामुंबईचे लोक सांभाराला कोथिंबीर म्हणतात, गोडनिंबाला कढीपत्ता आणि रायमुनियाला घाणेरी, हे मला नोकरीत आल्यावर कळलं. सकाळी आधी नळाचा आवाज यायचा, मग बाबांच्या रेडिओचा, मग दादाच्या दोरीवरच्या उड्यांचा. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ विजय, पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याच्या उड्यांनी स्वयंपाकघरातली भांडी हलायची आणि आई आतून म्हणायची, "घर पाडतं का बे?" बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. रविवारी विहारात वंदना तेच घ्यायचे आणि नंतर थोडं बोलायचे. त्यांचा ठरलेला विषय अंधश्रद्धा हा होता. नवस, गंडेदोरे, अंगात येणं, उतारा, यांतलं काही आपल्या लोकांनी दीक्षेनंतर मानायचं नाही, हे ते दर रविवारी वेगवेगळ्या शब्दांत सांगत. करणी हा शब्द आमच्या घरात बंद होता. शिवी दिली तर बाबा रागावत, हा शब्द काढला तर जेवण अर्धं टाकून उठत.

बाई आमच्याकडे आल्या त्या बाबांच्या कचेरीतल्या एकाच्या ओळखीने. वय चाळिशीच्या आसपास, लग्न झालेलं नव्हतं, सकाळच्या शाळेत भूगोल शिकवत. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावलेल्या तीन काड्या. आईने पहिल्याच दिवशी त्यांचं आडनाव अर्धं केलं आणि पांडेबाई म्हणू लागली. बाबांनी विचारलं, शाळेपासून इतक्या लांब का. बाई म्हणाल्या, "एकट्या बाईला खोली देत नाहीत हो. देतात, आणि मग महिन्याभरात आमचा जावई येतो, खोली सोडा म्हणून सांगतात." रात्रीच्या जेवणाला आई म्हणाली, "तिच्या लोकाइत जागा नाई भेटली काय? आपल्याकडेच काहून आली?" बाबा म्हणाले, "कोणीबी कुठंबी राहू शकते." पण ते ताटाकडे पाहून म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईने बाईंना पाण्याचा पेला नेऊन दिला. मी दारात होते. बाईंनी तो घेतला आणि उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला. संध्याकाळी बाबा चपला काढतात न काढतात तोच आईने सांगितलं, "पाणी पेली." बाबा म्हणाले, "त्यात सांगायसारखं काय आहे?" आणि मग जरा वेळाने, "पूर्ण पेली?"

त्या तीन काड्या पचमढीच्या होत्या. शाळेची सहल तिकडे गेली असताना बाईंनी एका बंगल्याच्या कुंपणातून तोडून आणल्या होत्या. त्या त्याला बटरफ्लाय बुश म्हणत. पानं लांबट, खालून राखी. फुलं पांढरी, इवलीशी, दाट लोंब्यांत येणारी, मधासारख्या वासाची. फुलपाखरं त्यावर तुटून पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. नळाजवळ ओल राहते, तिथे लावू का, असं त्यांनी आईला विचारलं. आईने हो म्हटलं आणि लगेच ढोकेकाकूंशी भिंतीवरून चर्चा केली. आईची शंका साधी होती. "फूल कोठं वाहात नाई, भाजीत टाकत नाई, डोक्यात घालत नाई. तं लावून काहून राहिली?" ढोकेकाकूंचा नवरा गांधीबागेत कापडाच्या दुकानात होता, त्यामुळे त्या कुठल्याही गोष्टीकडे मापात पाहत. त्या म्हणाल्या, "झाड लावलं म्हणजे जागा धरली, विजूची माय. आज तीन काड्या, उद्या कुंपण."

पण काड्या जगल्या आणि आईचा विरोध त्यांच्या जगण्याबरोबर कमी होत गेला. नागपूरच्या उन्हाळ्यात थंड हवेचं झाड जगवणं सोपं नव्हतं. लोक खिडक्यांना खसाचे पडदे लावत तेव्हा बाईंनी झाडांना ओल्या पोत्यांचा आडोसा केला. दुपारी त्या शाळेतून येईपर्यंत पोती वाळून कडक होत. मग आईच जाता-येता त्यांवर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मारू लागली. एक काडी तरीही मेली. दोन जगल्या, पावसाळ्यात माझ्या खांद्याला लागल्या. आईने त्यांची छाटलेली फांदी आपल्या हाताने वांग्याच्या वाफ्याशेजारी लावली आणि तीही फुटली. त्या पावसाळ्यात आई आणि बाई नळाशी बराच वेळ बोलत असत. बाईंना सांभारवडी आवडते हे कळल्यावर आईने त्यांच्यासाठी वेगळी, कमी तिखट केली. बाईंनी ती खाल्ली आणि म्हणाल्या, "तुम्ही खाता तीच द्या मला. वेगळी नको." आईने हे बाबांना सांगितलं. त्या रविवारी विहारात बाबांनी विषय बदलला आणि माणसं बदलू शकतात यावर बोलले.

ऑक्टोबर संपताना झाडांना लोंब्या आल्या. फुलपाखरं आली नाहीत. म्हणजे अंगणात भरपूर होती. पण ती रायमुनियावर बसत, पालकावर बसत, धुणं वाळत घातलेल्या दोरीवरही बसत. पांढऱ्या लोंब्यांकडे फिरकत नसत. दादाने याची गंमत सुरू केली. "बाई, तुमच्या झाडाचा पत्ता त्याइले मालूम नसन. पोस्टकार्ड टाका." आई म्हणे, "फुकटच्या रायमुनियावर बसून राहिले, अन् पचमढीवालीले कोनी विचारत नाई." बाई हसत. पण त्या रोज दुपारी डबा धुताना झाडाकडे पाहत उभ्या राहत, आणि जरा जास्त वेळ उभ्या राहत.

पहिली जुडी दिवाळीनंतर सापडली. सकाळी उजाडताना आई नळावर गेली तेव्हा झाडाच्या मधल्या फांदीला एक सुकी, वाकडी, काळपट पडलेली काड्यांची जुडी बांधलेली होती. वीतभर लांब. लाल लोकरीचा धागा. आईने मला हाक मारली, "बेबी, इकडे ये वं," आणि मी आल्यावर हाताने मागेच थांबवलं. ती जुडीकडे पाहत होती. मग आत जाऊन तिने चुलीवरचा चिमटा आणला, जुडी धाग्यासकट ओढून काढली, हात अंगापासून लांब धरून नाल्यापर्यंत गेली आणि टाकून आली. चिमटा राखेने घासला. मला म्हणाली, "बाबाले सांगू नको." दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी जुडी होती. तिसऱ्या दिवशी तिसरी. लाल धागा, पण गाठी जास्त. आई रोज उन्हं यायच्या आत उठून चिमट्याने जुडी काढू लागली.

पुढे वर्तमानपत्रात काम करताना "संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही" हे वाक्य मी अनेक बातम्यांच्या शेवटी लिहिलं. या प्रकरणात संबंधित व्यक्ती अंगणाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर राहत होती आणि रोज दुपारी आमच्या नळावर डबा धूत होती. तिला कोणी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे काय विचारायचं, हा प्रश्न होता. हे तुम्ही बांधलं का, असं विचारलं तर पुढचं वाक्य, कशासाठी, आणि त्याच्या पुढचं वाक्य म्हणजे तो बंद शब्द. विचारणं म्हणजे मानणं. बाबांच्या घरातली बाई हे मानते, असं बाहेर गेलं असतं तर रविवारी विहारात बाबा काय बोलले असते, हे आईला मी सांगायची गरज नव्हती.

एक दिवस बाईंनीच नळाशी विचारलं, "इकडे रात्री मांजर येतं का हो?" आई म्हणाली, "नाई." बाई म्हणाल्या, "मला वाटलं येत असेल." एवढंच. आई आत आली आणि तांदूळ निवडत बसली, पण निवडलेले आणि न निवडलेले एकाच ताटात पडत होते. दुपारी तिने भिंतीवरून ढोकेकाकूंना विचारलं, मांजराचं विचारणं कशासाठी असेल. ढोकेकाकू भिंतीला टेकल्या, आमच्या अंगणातल्या दोन्ही झाडांकडे पाहिलं आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी काही म्हणत नाई, विजूची माय. तुमी लोकं मानत नाई. पण धागा कोणता होता म्हणता?" आई म्हणाली, "लाल." काकू म्हणाल्या, "लाल असन तं चालते. काळा बांधू देऊ नका." दुसऱ्याच दिवशी सकाळी जुडीला काळा दोरा होता. शिवणाचा, दुहेरी, सात-आठ गाठी मारलेला.

त्याच आठवड्यात दादाचे डोळे पिवळे झाले. भरतीच्या सरावाला जाताना तो मैदानाबाहेरच्या गाड्यावर बर्फ घातलेला उसाचा रस प्यायचा. कावीळ त्यातून झाली असावी, असं डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टरांचं मत होतं. आईचं मत वेगळं होतं आणि ते तिने बोलून दाखवलं नाही. घरातला स्वयंपाक बदलला. तेल-तिखट बंद, साळीच्या लाह्या, ताक, उकडलेला मुळा. दादा मागच्या ओसरीवर खाटेवर पडून असे आणि भरतीची धाव त्याची पडल्यापडल्या हुकली. दोरीचा आवाज बंद झाल्यामुळे घर फार शांत झालं. त्या शांततेत पहाटे चिमटा खिळ्यावरून काढल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येत असे. ढोकेकाकूंनी कावीळ उतरवणाऱ्या एका माणसाचं नाव सुचवलं. बाबा म्हणाले, "डॉक्टरचं औषध सुरू आहे." पण त्यांनी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

बाबांना जुड्यांचं कधी कळलं, हे मला निश्चित सांगता येत नाही. आईने सांगितलं असेल किंवा त्यांनी स्वतः पाहिलं असेल. मी पाहिलेली गोष्ट एवढी, की बाबा रोज सकाळी तोंड धुवायला झाडाला घासून नळाकडे जात, आणि दादा आजारी पडल्यावर एका सकाळपासून ते गोडनिंबाला वळसा घालून, लांबच्या बाजूने जाऊ लागले. ते आत जाताना मी विचारलं, "बाबा, तिकडून काहून?" ते म्हणाले, "चिखल आहे." चिखल दोन्ही बाजूंनी होता.

त्या रविवारी वंदनेनंतर बाबा काही बोलले नाहीत. घसा बसला म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी सदरा चढवला आणि बाईंना ओसरीवर बोलावलं. बाई पदराला हात पुसत आल्या. बाबांनी खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. "बाई, थोडी अडचण आहे. माह्या भावाचा मुलगा शिकायले येऊन राहिला. खोली लागन." बाई म्हणाल्या, "माझं काही चुकलं का, मेश्रामसाहेब?" बाबांच्या मागे भिंतीवर दोन तसबिरी होत्या. बाबांनी मान जराशी तिकडे वळवली आणि परत घेतली. "नाई नाई. तुमचं काय चुकन?" बाई आईकडे वळल्या. "तुमचं काही म्हणणं आहे का?" आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "पोरगा येऊन राहिला ना, म्हणून." बाई उठल्या. जाताजाता त्यांनी खाटेवरच्या दादाच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. आईचा हात चौकटीवरून सुटला, पण ती पुढे गेली नाही.

शनिवारी रिक्षा आली. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह. झाडं बाईंनी नेली नाहीत. मुळं खोल गेली होती. उन्हाळ्यात पोती लावा, एवढं त्या म्हणाल्या. रिक्षावाला ट्रंक बांधत असताना त्या पुन्हा खोलीत गेल्या आणि हातात जुडी घेऊन बाहेर आल्या. आम्ही सगळे तिथेच होतो: बाबा, आई, मी, ओसरीवर दादा, भिंतीपलीकडे ढोकेकाकू. त्यांनी सगळ्यांदेखत ती मधल्या फांदीला बांधली. काळा दोरा, सावकाश, गाठीवर गाठ. मग आईकडे पाहून म्हणाल्या, "ही तरी राहू द्या." आणि रिक्षात बसल्या. त्या कुठे चालल्या आहेत, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

रिक्षा वळणापर्यंत जायच्या आत आई चिमट्याकडे निघाली. बाबांनी तिला थांबवलं. "मी काढतो. हातानं काढतो. दिवसाढवळ्या." पण आधी आंघोळ करून घेतो म्हणाले. आंघोळ झाली, मग चहा झाला, मग त्यांनी रिकाम्या खोलीत एक फेरी मारली. या काळात ऊन ढोकेकाकूंच्या भिंतीवरून उतरून झाडावर आलं. एरवी त्या वेळेपर्यंत जुडी नाल्यात गेलेली असायची. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चिमटा होता.

प्रथम दादाने पाहिलं, कारण त्याला दुसरं काही काम नव्हतं. जुडीवर एक फुलपाखरू बसलं होतं. काळसर पंख, त्यांवर फिक्या निळ्या रेघा आणि ठिपके. मग दुसरं आलं. मग ती रायमुनियावरून, वांग्यावरून, भिंतीपलीकडून येऊ लागली, निळी आणि मधूनमधून एखादं चॉकलेटी, पांढऱ्या काठाचं. फुलांवर बसत नव्हती. सुक्या काड्यांना सोंड लावून, पंख मिटून, एकमेकांच्या अंगावर दाटीवाटीने लटकत होती. थोड्या वेळाने जुडी दिसेनाशी झाली. तिच्या जागी निळसर काहीतरी संथ हलत होतं. जागा न मिळालेली फुलपाखरं शेजारच्या पांढऱ्या लोंब्यांवर बसली. बाबा चिमटा घेऊन उभे होते. ढोकेकाकू भिंतीवरून आत वाकल्या होत्या. मग खाटेवरून दादा म्हणाला, "पाह्य आई. करणी."

आमच्या घरात तो शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. बाबा रागावले नाहीत. ते आत गेले, चिमटा खिळ्याला अडकवला आणि सायकल काढून निघाले. दुपारी परत आले. रिक्षा सापडली नव्हती.

जुडीतली ती वनस्पती भुरुंडी होती. नाल्याकाठी, ओलसर पडीक जागी उगवते. तुरा हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला असतो. या जातीची नर फुलपाखरं तिच्या सुकलेल्या काड्यांतून एक रस शोषून घेतात आणि मादीला जवळ आणायला त्यांना तो लागतो. हे मला बऱ्याच वर्षांनी, एका पुरवणीचं काम करताना, कीटकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. ओल्या भुरुंडीकडे ती फारशी जात नाहीत, सुकलेलीच लागते. आणि ऊन लागतं. आईने एकाही जुडीला ऊन लागू दिलं नव्हतं.

सोमवारी बाबा बाईंच्या शाळेत गेले. परत आल्यावर ते म्हणाले, "रामदासपेठेत आहे. एका डॉक्टरच्या बंगल्यामागं. खोली रिकामी आहे म्हटलं, तं म्हणते, पुतण्या नाही आला का? म्हटलं, नाही आला." आईने विचारलं, "अन् बाकी? काहून काढलं ते सांगतलं का?" बाबा म्हणाले, "शाळेत कसं सांगू?" ते नंतरही सांगायला गेले नाहीत. मला माहीत आहे तितकं, त्यांनी ते कोणालाही कधी सांगितलं नाही.

दादाच्या डोळ्यांतलं पिवळेपण उतरल्यावर, जानेवारीत, एका दुपारी आईने सांभारवडी केली. नेहमीसारखी, तिखट. वाफ्याशेजारचं ते फांदीपासून वाढवलेलं रोपटं तिने मातीसकट खणून तुपाच्या डब्यात बसवली, मला म्हणाली, "चाल," आणि आम्ही रामदासपेठेत गेलो. बंगल्यामागे जिना होता आणि जिन्याखाली बाईंची खोली. खिडकी नव्हती, दारातून येईल तेवढा उजेड. बाईंनी आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः ट्रंकेवर बसल्या. आईने वड्यांचा डबा मांडीवरच धरला होता. तिने प्रस्तावना केली नाही. "बाई, मले वाटलं तुमी करणी करून राहिल्या. माह्या पोरावर."

बंगल्यात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग बाई म्हणाल्या, "मी पाहिलं होतं तुम्हाला. एकदा पहाटे खिडकीतून. चिमटा होता तुमच्या हातात." आई म्हणाली, "हो." बाई म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या हातचं काही तुमच्या अंगणात तुम्हाला चालत नाही. म्हणून हात न लावता फेकता. मग मीही मुद्दाम बांधत राहिले. रोज. आणखी गाठी मारून. लोकर संपली तेव्हा शिवणाचा दोरा घेतला."

आईने डबा बाजूला खाटेवर ठेवला. "लांबून उचललेलं अन् लांबून टाकलेलं कसं लागते, ते मले मालूम आहे बाई. मी लेकरू असताना माह्या मायसंगं जात होती कामाले. मी तसं नसतं केलं. मी भेली होती." बाई म्हणाल्या, "मला काय माहीत." आई म्हणाली, "मले तरी काय मालूम? तुमी सांगतलं असतं तं." बाई म्हणाल्या, "सगळे हसत होते ना झाडाला. आधी फुलपाखरं येऊ देत, मग सांगू, असं ठरवलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "पुतण्या आला का?" आई म्हणाली, "कोठून येते? ह्यायले भाऊच नाई." बाई हसल्या. त्या आमच्याकडे राहत असताना मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी डबा उघडला आणि ताटली न घेता त्यातलीच एक वडी खाल्ली. "तिखट आहे," म्हणाल्या, आणि दुसरी घेतली. आईने खोली अजून रिकामी असल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "इथून शाळा पायी जाता येते." आईने पुन्हा विचारलं नाही. निघताना बाईंनी रोप जिन्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे ठेवलं आणि तुपाचा डबा लहान पडेल म्हणून एका फुटक्या बादलीचं माप घेतलं.

त्या परत आमच्याकडे राहायला आल्या नाहीत. मागची खोली बाबांनी पुन्हा भाड्याने दिली नाही; तिथे दादाच्या सायकलचं सामान आणि पोती राहिली. आईने पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही झाडांना पोती लावली. एक झाड जगलं.

त्यानंतरच्या दिवाळीनंतर मी कॉलेजच्या कामाने सायकलवर रामदासपेठेतून जात होते. बंगल्याच्या फाटकापाशी थांबून मी आत पाहिलं. बाईंच्या दाराला कुलूप होतं. जिन्याबाहेर फुटक्या बादलीत झाड कंबरेएवढं झालं होतं आणि त्याच्या मधल्या फांदीला काळ्या दोऱ्याने बांधलेली सुकी जुडी होती. ऊन चढलं होतं. जुडी जागेवर होती.